थांबण्याची जागा

बसायला एक जागा निवडा. शिरूर तालुक्यातल्या तळेगाव ढमढेऱ्यात असाल तर वेळ नदीच्या काठी, देवळाच्या ओवरीत किंवा शेताच्या बांधावर बसा. गावापासून लांब असाल तर आहात तिथंच बसा. मोबाईल नजरेआड ठेवा. पाठ सरळ, हात मांडीवर सैल. श्वास मोजू नका. तो त्याच्या चालीनं येऊ-जाऊ द्या.

आता मनात अडून राहिलेला एक निर्णय आठवा. प्रत्येकाकडे असा एखादा असतोच. बराखीतला कांदा आज भरायचा की अजून महिनाभर ठेवायचा. रस्त्याकडेचं अर्धं एकर प्लॉटिंगवाल्याला द्यायचं की मुलांसाठी राखायचं. मुलीला शिकायला पुण्याला पाठवायचं की गावातल्याच ढमढेरे कॉलेजात घालायचं. वडिलांचं ऑपरेशन करायचं की औषधांवर भागवायचं. यातला कुठला तरी, किंवा याहून अगदी वेगळा.

तो निर्णय आत्ता सोडवायचा नाही. नुसता समोर असू द्या, दारात येऊन बसलेल्या पाहुण्याइतकी त्याची दखल घ्या. आज मनन करायचं आहे ते ठरवण्याच्या आधीच्या थांबण्यावर. त्या थांबण्यासाठी आपल्या मेंदूत एक जागा आहे. ती कशी काम करते हे आधी शरीरातून जाणून घेऊ, मग त्या निर्णयाकडे वळू.

हात

उजवा हात मांडीवरून उचलायला लागा आणि अर्ध्यावर थांबवा. खाली आणा. पुन्हा उचला, पुन्हा थांबवा. या वेळी जरा उशिरा. घाई नाही. थांबण्याच्या क्षणाकडे लक्ष द्या. दंडात काय होतं? श्वास किंचित अडतो का?

हात उचलला म्हणजे आपण काहीतरी केलं, हे सहज पटतं. थांबलं की मात्र करणं संपलं असं वाटतं. मेंदूच्या हिशेबात तसं नाही. थांबवण्यासाठी वेगळा निरोप निघावा लागतो, तो वेगळ्या वाटेनं जातो, आणि पोचायला त्यालाही वेळ लागतो. १९८४ मध्ये गॉर्डन लोगन आणि विल्यम कोवन या संशोधकांनी याची मांडणी केली. पडद्यावर खूण दिसली की बटण दाबायचं. अधूनमधून मात्र, बोट निघायच्या बेतात असताना, थांबण्याची खूण येते. मग आत दोन निरोपांची शर्यत लागते, एक 'कर' आणि एक 'थांब'. आधी पोचेल त्याचं शरीर ऐकतं. निरोगी तरुण माणसाला निघालेली कृती अडवायला सेकंदाचा साधारण पाचवा भाग पुरतो.

हात मांडीवर विसावू द्या. एवढ्याशा अवधीत तुमच्यातूनच एक 'नको' निघालं, आणि तुमच्याच हातानं ते मानलं. त्याची क्षणभर नोंद घ्या.

या कामात मेंदूचे बरेच भाग गुंतलेले असतात. त्यातला एक फार लहान आहे. मेंदूच्या अगदी आत, थॅलॅमस नावाच्या भागाखाली तो असतो, डावीकडे एक आणि उजवीकडे एक. त्याला सबथॅलॅमिक न्यूक्लियस म्हणतात. दोन्ही बाजूंनी फुगीर भिंगासारखा त्याचा आकार, लांबी सेंटीमीटरच्या आसपास. फ्रेंच डॉक्टर जूल्स बर्नार्ड ल्यूस यांनी १८६५ मध्ये त्याचं वर्णन केलं. १९२७ मध्ये जेम्स पर्डन मार्टिन यांनी या भागाला इजा झाली तर काय होतं ते मांडलं. एका बाजूचा हा भाग निकामी झाला की शरीराच्या दुसऱ्या बाजूचा हात किंवा पाय माणसाच्या इच्छेविना जोरानं भिरकावला जाऊ लागतो. माणूस शुद्धीत असतो, त्याला तसं करायचं नसतं, पण थांबवता येत नाही.

हात मांडीवर स्वस्थ पडलेला आहे, याकडे पुन्हा एकदा पाहा. हे स्वस्थ पडणंसुद्धा आतून कुणीतरी सांभाळत असतं.

पाट

आता डोळे मिटून एक काम आठवा. चासकमानच्या कालव्याला आवर्तन सुटलं आहे, किंवा विहिरीवरची मोटार चालू आहे, आणि तुम्ही दारं धरताय. पाटात पाणी आहे. प्रत्येक वाफ्याच्या तोंडाशी मातीचं दारं आहे आणि ती सगळी बंद आहेत. तुम्ही खोऱ्यानं एका दाऱ्याची माती ओढता, पाणी तेवढ्याच वाफ्यात शिरतं. तो भरला की ते दारं बुजवायचं, पुढचं फोडायचं.

मेंदूतल्या निवडीचं काम बरंचसं असं चालतं. थॅलॅमसच्या अवतीभवती बेसल गँग्लिया नावाच्या भागांचा एक गट आहे. सबथॅलॅमिक न्यूक्लियस त्यातलाच. या गटातून बाहेर पडणारा संदेश मुळात अडवणारा असतो. बोलणं, उठणं, हात पुढे करणं, यातल्या प्रत्येक हालचालीचं दारं तो बुजवून ठेवतो. एखादी गोष्ट करायची म्हणजे तिच्यापुरती अडवणूक उठवायची. बाकी दारी बंदच राहतात.

आणि कधी अशी वेळ येते की कुठलं दारं फोडावं हेच कळत नाही. दोन वाफे सारखेच तहानलेले, पाणी मात्र पाटातून चाललेलं. जाणता माणूस तेव्हा पाटाच्या तोंडाशीच दोन खोरी माती टाकतो, क्षणभर पाणी तुंबवतो, नजर टाकतो आणि मग ठरवतो. सबथॅलॅमिक न्यूक्लियसचं काम ते आहे. मेंदूच्या पुढच्या भागातून त्याच्याकडे थेट वाट आहे. त्या वाटेनं हाक आली की तो एकाच वेळी सगळीकडची अडवणूक वाढवतो. कुठलंच दारं घाईनं फुटू देत नाही.

हे मनात काही श्वास राहू द्या. अडवणं आणि निवडणं एकमेकांविरुद्ध नाहीत. आधी अडवलं नाही तर निवडायला उरतच काही नाही. पाणी स्वतःच उताराकडे वाट काढतं.

ऊस

शिरूर तालुक्यात ज्यानं रात्रीच्या थ्री फेजवर उसाला पाणी दिलं आहे, त्याला पुढचा अनुभव सांगावा लागणार नाही. बॅटरीच्या उजेडात बांधावरून चाललं आहे, मनात कारखान्याच्या तोडीचा विचार आहे, आणि डाव्या हाताच्या उसात काहीतरी सळसळतं. पाय थांबतात. मनात बिबट्याचं नाव येण्याच्या आधीच थांबतात. मग कान टवकारतात, बॅटरी वळते. बहुतेक वेळा रानमांजर असतं, मुंगूस असतं, नुसता वाराही असतो.

थोडं पुढं गेल्यावर आणखी एक लक्षात येतं. मघाशी कशाचा विचार करत होतो तो धागाच हरवलेला असतो.

यान वेसेल आणि ॲडम ॲरन या संशोधकांनी २०१६ मध्ये नेमकं हेच दाखवलं. अनपेक्षित आवाज आला की शरीर थांबवणारी यंत्रणा जागी होते, आणि तीच यंत्रणा मनात धरून ठेवलेल्या गोष्टीलाही धक्का लावते. त्यात सबथॅलॅमिक न्यूक्लियसचा सहभाग त्यांना दिसला. म्हणजे ही जागा पायांना अडवते आणि चालू विचारालाही अडवू शकते.

तुमचा अडलेला निर्णय पुन्हा पाहा. त्याच्या आसपास अशी एखादी सळसळ आहे का? भाव कोसळणार अशी बातमी, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे असा फोन, शेजाऱ्यानं विकलं अशी कुणकुण. तिनं तुम्हाला थांबवलं असेल तर ते नैसर्गिक आहे. पण तिनं मूळ विचाराचा धागाही तोडला असेल. हा निर्णय तुम्ही कशासाठी घ्यायला निघाला होता ते शांतपणे आठवा. उत्तर एका वाक्यात आलं तर ते मनात म्हणा. नाही आलं तर प्रश्न तसाच ठेवा, तो परत येईल.

कंप

थांबण्याचं एवढं कौतुक केलं, आता त्याची दुसरी बाजू पाहू. पाटाच्या तोंडाशी टाकलेली माती काढताच आली नाही तर?

लंडनचे डॉक्टर जेम्स पार्किन्सन यांनी १८१७ मध्ये एका आजारावर निबंध लिहिला. आपल्याकडे कंपवात म्हणून ओळखतात तो हा आजार. त्यात हात थरथरतो हे सगळ्यांना दिसतं. कमी दिसतं ते असं की माणसाला सुरुवातच करता येत नाही. खुर्चीवरून उठायचं असतं आणि शरीर उठत नाही. दाराच्या उंबऱ्यापाशी पाय जमिनीला चिकटतात. कारण मेंदूत डोपामिन तयार करणाऱ्या पेशी कमी होत जातात आणि अडवणूक वाढत जाते. सबथॅलॅमिक न्यूक्लियस गरजेपेक्षा जास्त काम करत राहतो. १९९० मध्ये हॅगाई बर्गमन, थॉमस विचमन आणि महलॉन डीलाँग यांनी माकडांवरच्या प्रयोगात दाखवलं की याच भागाचं काम थांबवलं की आजाराची लक्षणं ओसरतात. फ्रान्समधल्या ग्रनोबल इथं आलिम लुई बेनाबिद यांनी मेंदूत बारीक तार घालून विजेचे सूक्ष्म ठोके देण्याची पद्धत विकसित केली होती. १९९३ पासून ती तार सबथॅलॅमिक न्यूक्लियसमध्ये बसवली जाऊ लागली. सेकंदाला साधारण १३० ठोके, छातीच्या कातडीखाली बसवलेल्या बॅटरीवर. ही शस्त्रक्रिया आता भारतातही होते.

तुमच्या ओळखीत कंपवात झालेलं कुणी असेल तर त्या व्यक्तीचा चेहरा आठवा. प्रश्न विचारल्यावर उत्तर यायला लागणारा वेळ आठवा. चारचौघांत त्या वेळेत आपण काय करतो? बहुतेकदा त्यांचं वाक्य आपणच पुरं करतो, किंवा प्रश्न दुसऱ्याला विचारतो. पुढच्या वेळी गप्प थांबायचं असं मनाशी ठरवा. पुष्कळदा आत विचार झालेला असतो. दारं फुटायला तेवढा वेळ लागतो आहे. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ रुग्णांना आणि घरच्यांना एकत्र आणतं. ऋषिकेश पवार यांच्या नृत्यवर्गात हे रुग्ण तालावर पाय टाकतात. अडलेलं पाऊल तालाच्या आधारानं पुष्कळदा निघतं. ज्यांचं शरीर त्यांचं ऐकत नाही त्यांना असा आधार देणं, हे मला माणसाच्या उत्तम कामांपैकी एक वाटतं.

दोन सारख्या वाटा

कंपवाताच्या रुग्णांच्या मेंदूत बसवलेल्या त्या तारेनं शास्त्रज्ञांना एक दुर्मीळ संधी दिली. ठोके देणारं यंत्र चालू केलं की सबथॅलॅमिक न्यूक्लियसच्या कामात ढवळाढवळ होते, बंद केलं की तो पूर्ववत. तोच माणूस, तोच मेंदू. मग त्याच्या निवडीत काय फरक पडतो?

मायकल फ्रँक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात याचं उत्तर दिलं. रुग्णांना चिन्हांच्या जोड्या दाखवल्या. एका जोडीतलं एक चिन्ह १०० पैकी ८० वेळा बरोबर ठरायचं, दुसरं २० वेळा. दुसऱ्या जोडीत ७० आणि ३०, तिसरीत ६० आणि ४०. माणसं हळूहळू शिकली की कुठलं चिन्ह चांगलं. मग जोड्या मोडून नव्या लावल्या. ८० वालं चिन्ह ३० वाल्यासमोर आलं तर निवड सोपी. ८० वालं ७० वाल्यासमोर आलं की अवघड, कारण दोन्ही चांगली.

अशा अवघड जोडीसमोर निरोगी माणसं आपोआप जास्त वेळ घेत होती. यंत्र बंद असलेले रुग्णही घेत होते. यंत्र चालू केल्यावर मात्र तेच रुग्ण अवघड जोडीसमोर उलट लवकर उत्तर देऊ लागले, आणि त्यातली चुकीची उत्तरं तर विशेष झटपट येत होती. चिन्हांची किंमत त्यांना ठाऊक होती. हरवलं होतं ते 'इथं जरा थांब' हे आतलं सांगणं.

त्याच अभ्यासात औषधाचा परिणाम वेगळा निघाला. डोपामिन वाढवणारी औषधं चालू असताना थांबणं शाबूत होतं, पण नुकसानीतून शिकणं मंदावलं होतं. या औषधांपैकी काहींमुळे काही रुग्णांना जुगाराचा किंवा वारेमाप खरेदीचा नाद लागतो, हे डॉक्टरांना चांगलं माहीत आहे. ज्या घरात असा रुग्ण आहे तिथं हे कळायला हवं. चांगल्या चालीचा माणूस उतारवयात असा वागू लागला तर दोष देण्याआधी डॉक्टरांना सांगा. औषध मनानं बंद करू नका.

२०११ मध्ये जेम्स कॅव्हनॉ, फ्रँक आणि सहकाऱ्यांनी एक पाऊल पुढं टाकलं. कपाळामागच्या भागात, दोन्ही मेंदूगोलार्धांच्या मधल्या पृष्ठभागावर, दोन पर्यायांची ओढाताण सुरू झाली की एक संथ लय वाढते, सेकंदाला चार ते आठ आवर्तनांची. ती वाढली की माणूस ठरवण्यासाठी जास्त पुरावा मागतो. सबथॅलॅमिक न्यूक्लियसमधलं यंत्र चालू केल्यावर हे नातं उलटलं. म्हणजे ओढाताण ओळखतं कपाळामागचं मन, आणि तिच्यासाठी वेळ काढून देतो खोलवरचा हा लहानसा भाग. हा भाग एकटा निर्णय घेत नाही. काय मोलाचं, काय नको, हे इतर भाग तोलतात. तो त्यांना तोलण्यापुरता अवकाश मिळवून देतो.

इथं थोडं थांबा. तुमच्या निर्णयातले दोन पर्याय दोन तळहातांवर ठेवल्यासारखे धरा. ते खरंच सारखे आहेत का? एक स्पष्ट चांगला असेल तर थांबणं लांबवण्यात अर्थ नाही. दोन्ही चांगले असतील, किंवा दोन्हींत सारखंच दुखणं असेल, तर तुम्ही अडला आहात याचा अर्थ मन दुबळं आहे असा होत नाही. मेंदूनं ओढाताण ओळखली आहे आणि वेळ मागितला आहे. तो मागण्याचा तुम्हाला हक्क आहे.

माणसं

पण मेंदू स्वतःहून किती वेळ मिळवून देतो? प्रयोगांत मोजलेला हा थांबा सेकंदाच्या अंशाचा असतो. पायाखाली साप दिसला तर तेवढा पुरतो. जमिनीच्या व्यवहाराला पुरत नाही.

शिक्रापूर, सणसवाडी, रांजणगावात कारखाने आले तसे आसपासच्या शिवारांना गिऱ्हाईक आलं. त्या व्यवहारांत घाईला किंमत असते. विसार आजच धरा, उद्या हा भाव राहणार नाही, साठेखताचा कागद तयार आहे. असं बोलणारा माणूस तुमच्या आतल्या त्या लहानशा भागाचा वेळच कमी करत असतो. मोबाईलवर येणारं झटपट कर्जही तेच करतं. एक बटण, आणि पैसे खात्यात.

मेंदूची ही मर्यादा आपल्या माणसांनी फार आधी ओळखली होती, प्रयोगशाळेविना. 'घरी विचारून सांगतो.' 'भावाला येऊ द्या.' 'दोन दिवस जाऊ द्या, मग बसू.' ही वाक्यं अनेकांना बावळटपणाची किंवा टाळाटाळीची वाटतात. मला ती शहाणपणाची वाटतात. जो थांबा एका मेंदूत क्षणभर टिकतो तो घरात रात्रभर टिकू शकतो, भावकीत आठवडाभर. एकाच्या डोक्यात जे दारं फुटायला आलं होतं, ते बायकोच्या एका प्रश्नानं, आईच्या एका आठवणीनं पुन्हा बुजतं, आणि सगळ्यांना नजर टाकायला मिळते. सातबाऱ्यावर बहिणीचंही नाव असतं. तिला विचारणं हा केवळ कायद्याचा भाग नाही, निर्णयाला मिळालेला तो आणखी एक मेंदू आहे.

मात्र घरसुद्धा गोठू शकतं. वर्षानुवर्षं 'बघू' म्हणत राहणारी घरं आपण पाहतो. उन्हाळ कांदा बराखीत किती दिवस टिकेल याला मर्यादा आहे. आजारपण थांबत नाही, मुलीचं वयही थांबत नाही. थांबण्याला शेवट असला तरच ते निर्णयाचा भाग राहतं.

म्हणून शेवटी तीन गोष्टी मनाशी ठरवा, सावकाश, एकेक श्वास घेऊन. हा निर्णय मी कुठल्या दिवशी घेणार? त्याआधी कोणत्या दोन माणसांना विचारणार? आणि ज्याला उत्तर द्यायचं आहे त्याला आज काय सांगणार? तारीख, दोन नावं आणि एक वाक्य. ते वाक्य आत्ताच हळू आवाजात म्हणून पाहा. 'मी अमुक दिवशी सांगतो.' आवाज चाचरला तर पुन्हा म्हणा.

आता डोळे उघडा, हातपाय हलवा, उठा. आणि यापुढे कधी तुमच्यासमोर कुणी घाईघाईनं सही करायला बसलेलं दिसलं, मग तो म्हातारा चुलता असो, नवी नोकरी लागलेला पोरगा असो, की कर्जाचा फॉर्म भरणारी शेजारीण असो, तर त्यांच्या शेजारी जाऊन बसा आणि म्हणा: कागद घरी न्या, उद्या सकाळी परत वाचू. त्या वेळी त्यांच्या मेंदूला जो वेळ एकट्यानं मिळवता आला नसता, तो तुम्ही त्यांना मिळवून दिलेला असेल.